पाय गरम होता, नाडी लागत होती

मामा आले होते ते बोटासाठी. लग्नसराईचे दिवस, मशीनवर पांढरा झब्बा, आणि शिवता शिवता कापडावर रक्ताचे तीन ठिपके. सुई बोटात कधी घुसली, हे ठिपके दिसेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. "चाळीस वर्षं सुई हातात आहे डॉक्टर. टोचली की हात आपसूक मागं यायचा. आता येईनाच झालाय," ते म्हणाले. झब्बा वाया गेला, कापडाचे पैसे भरून द्यावे लागले, आणि बोटापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं होतं.

वय 58. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत शिलाईचं दुकान. मशीन पायाने चालवायचं. मधुमेह 14 वर्षांचा, गोळ्या चालू, तपासण्या जमतील तशा. माळकरी, त्यामुळे मांस-मासे नाहीत, दारू नाही. तंबाखूची चिमूट मात्र दिवसातून सात-आठ वेळा. (ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.)

पहिला दिवस

मधुमेहाचा पेशंट सर्दीसाठी आला तरी मी चपला काढायला सांगतो. मामांनाही सांगितलं. "पायाला काही नाही हो. फक्त चप्पल मधेच निसटते, आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळतं." बधिर पायाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. ज्याच्या घरी मधुमेह आहे त्याने हा प्रश्न जरूर विचारावा: चप्पल निसटलेली कळते का?

आधी हात पाहिले. म्हटलं, नमस्कार करा. तळवे टेकले, बोटं टेकेनात; मधून पेन आरपार जाईल एवढी फट राहिली. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कातडीतल्या आणि सांध्यांभोवतीच्या तंतूंना चिकटत राहते, ते ताठरतात, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. ज्याचे हात असे झाले, त्याच्या बारीक रक्तवाहिन्याही बऱ्याचदा बिघडलेल्या निघतात. बोटांच्या टोकांना कापसाचा स्पर्श कळत नव्हता, आणि करंगळीलाही नाही. मनगटातली नस दाबली गेली तर अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, करंगळी सुटते. इथे सगळीच बोटं होती, म्हणजे एकट्या मनगटावर खापर फोडता येत नव्हतं.

मग पाय. दोन्ही पावलं कोरडी, टाचांना भेगा, बोटांवरची लव गेलेली. पावलाच्या पाठीवरच्या शिरा टरारून फुगलेल्या. पाय हाताला चांगला गरम लागत होता. पावलावरची नाडी दोन बोटांखाली ठणठणीत उडत होती. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. उजव्या पायाला दहापैकी तीनच जागी कळला. सेकंदाला 128 वेळा कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्यावर ठेवला, तर "काही नाही".

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, मशीनचं पायडल जिथे दाबलं जातं नेमक्या तिथे जाड घट्टा होता. घट्ट्याच्या आत काळपट डाग. असा डाग म्हणजे आत रक्त साकळलेलं. ब्लेडने घट्टा तासला तर खाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम निघाली. सळई हाडाला लागली नाही, एक्स-रेमध्ये हाड शाबूत. मामा वाकून बघत होते, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे.

तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 9.8. लघवीतून प्रथिन जात होतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके असल्याचं कळवलं. शरीरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या काही न कापता नुसत्या बघता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा, आणि तिथे जे दिसतं तेच बोटांत आणि तळव्यात चाललेलं असण्याची शक्यता दाट असते. बी-12 ही कमी निघालं. शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, या जोडीत ते बऱ्याचदा कमी होतं, आणि त्यानेही बधिरपणा येतो. माळकऱ्याला मधुमेह असेल तर ही तपासणी विसरू नये. इंजेक्शनं सुरू केली, पण एवढ्याने सगळा उलगडा होणार नाही हे दिसत होतं.

माझी चूक

मी जखम साफ केली, ड्रेसिंग सांगितलं, प्रतिजैविक दिलं, तंबाखू सोडायला सांगितली, पायडल बंद करायला सांगितलं. रक्तपुरवठ्याच्या रकान्यात लिहिलं: चांगला. कारण पाय गरम होता, नाडी लागत होती, आणि जखमेभोवती लालीही नव्हती.

तीन आठवड्यांनी जखम तेवढीच. कडा फिकट, तळ राखाडी. शेजारच्या बोटाचं टोक जांभळट पडलेलं. पायडलही बंद झालेलं नव्हतं. मी रागावणार होतो, पण मामी म्हणाल्या, "एकवीस जणांचे कपडे अंगावर घेतलेत, वऱ्हाड नागडं पाठवायचं का?" सीझनचे दोन महिने वर्षभराला पुरतात त्या घरात. दुखत असतं तर मामा थांबले असते. दुखत नव्हतं.

पण जखम न भरण्याचा सगळा दोष पायडलला देणं खोटं ठरलं असतं. ज्या तीन गोष्टींवर मी विसंबलो, त्या तिन्हींचा अर्थ मधुमेहाच्या पायात वेगळा लागतो. तो इथे नीट मांडतो, कारण हीच गफलत घरोघरी होते. "पाय गरम आहे, म्हणजे रक्त येतंय" हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे.

टेलचं शेत

सर्वांत बारीक रक्तवाहिनी, केशवाहिनी, रुंदीला जेमतेम तांबड्या पेशीएवढी, कधी तिच्याहूनही अरुंद. सात-आठ मायक्रॉनची पेशी तिच्यातून अंग मुडपून जाते. भिंत एकाच पेशीच्या जाडीची, बाहेरून एक पातळ अस्तर. प्राणवायू, साखर, पांढऱ्या पेशी, औषध, सगळं या भिंतीतूनच मांसापर्यंत पोहोचतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे अस्तर जाड होतं. मामांना मी म्हटलं, मलमलीला आतून बक्रम चिकटवल्यासारखं. ते लगेच म्हणाले, "मग ते झुळझुळणार नाही, आणि त्यातून वाराही जाणार नाही." अगदी तसंच. वाहिनी बंद पडत नाही, पण गरज लागेल तेव्हा फुलत नाही. रक्तवाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तिच्या आतल्या पेशी पुरेसा तयार करत नाहीत. तांबड्या पेशीही साखर चिकटून ताठरतात, मुडपून जाणं त्यांना अवघड होतं. स्वस्थ बसलेल्या पायाला हे सगळं चालून जातं. जखम झाली की तिथे एरवीच्या कितीतरी पट रक्त लागतं, आणि ते येत नाही.

नसांनाही पोसायला त्यांच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या बिघडल्या की नस उपाशी पडते. (साखरेचा नसेवर थेट परिणामही होतोच.) कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस सुमारे मीटरभर लांबीची, जितकी लांब, तितकी आधी थकते. म्हणून बधिरपणा पायमोज्यासारखा बोटांपासून वर चढतो, आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांत सुरू होतो. मामांचा हात सांगत होता की पाय फार पूर्वीच गेला आहे. मशीनची सुई बोटात घुसली नसती तर ते आणखी वर्षभर आले नसते.

आता गरम पायाचं. तळव्यात, तळहातात आणि बोटांच्या टोकांत बारीक धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायची असेल तेव्हा त्या उघडायच्या, एरवी मिटलेल्या ठेवायच्या, हे काम आपल्या इच्छेबाहेरच्या नसांचं. त्या नसा मेल्या की आडवाटा सताड उघड्या राहतात. रक्त धमनीतून येतं आणि केशवाहिन्यांना वळसा घालून तसंच शिरेत परत जातं. म्हणून शिरा फुगलेल्या, पाय गरम, नाडी ठणठणीत, आणि कातडी उपाशी. आमच्याकडे कालव्यावर शेती असलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कालवा भरून वाहतो, बघणाऱ्याला वाटतं पाणी मुबलक आहे. शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या पोटचाऱ्या कोरड्या असतात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा ऊस वाळत असतो. त्याच नसा घामही आणतात. त्या गेल्या की पाय कोरडा पडतो, भेगा पडतात, आणि जंतूंना दार मिळतं.

आणि लाली. कातडीला इजा झाली की तिथल्या बारीक नसा आजूबाजूच्या वाहिन्यांना फुलण्याचा निरोप देतात, म्हणून ओरखड्याभोवती तांबडं वर्तुळ उमटतं. निरोप देणारी नसच नसेल तर आत पू होत असतानाही वरून कातडी शांत दिसते. मी लाली नाही याची नोंद समाधानाने केली होती. काळजी करायला हवी होती.

घोट्याचा आणि अंगठ्याचा रक्तदाब

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ही पायाच्या रक्तपुरवठ्याची नेहमीची मोजणी. 0.9 ते 1.3 च्या दरम्यान आकडा आला की ठीक. मामांचा घोटा 210, दंड 148, भागाकार 1.42. आकडा मोठा, म्हणजे रक्त भरपूर, असं कागदावर वाटतं, म्हणूनच तो घातक आहे. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, ती नळासारखी कडक होते, पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही. रक्तदाब जास्त नसतो, धमनी कडक असते. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब मोजायचा, कारण बोटांच्या धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. त्यासाठी लागणारा छोटा पट्टा आमच्या गावात कुणाकडे नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी तो असायला हवा. साखर मोजायचं यंत्र आज वाण्याच्या दुकानाशेजारी मिळतं, आणि पायाचं बोट वाचवणारा वीतभर पट्टा मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मामांना शहरात पाठवलं. पहिल्या ठिकाणी सांगितलं गेलं की मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या गेल्या आहेत, त्यावर इलाज नाही, पाऊल घोट्याच्या वरून काढावं. मामा परत येऊन माझ्यासमोर बसले आणि एकच विचारलं, "मशीन एका पायावर चालेल का?"

या सल्ल्यामागे एक जुना समज आहे. 1959 साली गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडलं की मधुमेहींच्या पायातल्या अगदी बारीक धमन्या आतून बुजलेल्या असतात. त्यातून पंचवीस वर्षं असं मानलं गेलं की वरची धमनी मोकळी करून उपयोग नाही, खाली सगळंच तुंबलेलं आहे. 1984 साली लोगर्फो आणि कॉफमन यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पष्ट लिहिलं की हा समज पुराव्याला धरून नाही. बारीक वाहिन्यांचं काम बिघडतं, भिंत जाड होते, हे खरं. पण त्या बुजलेल्या नसतात. खरा अडसर बहुतेकदा गुडघ्याखालच्या धमन्यांत असतो, आणि तो दूर केला तर खाली रक्त पोहोचतं. बिघडलेली पोटचारी आणि बुजवलेली पोटचारी यात हा फरक. बिघडलेल्या पोटचारीतून पुरेशा दाबाने पाणी सोडलं तर टेलला ओल येते. हा लेख निघून चाळीस वर्षं झाली, तरी "बारीक रक्तवाहिन्या गेल्यात" या एका वाक्यावर अजून पाय कापले जातात. असं वाक्य ऐकलं तर अंगठ्याचा रक्तदाब किती आला आणि अँजिओग्राफी झाली का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. पू वर चढत असेल, जीव धोक्यात असेल, तर गोष्ट वेगळी; तेव्हा तास मोजायचे असतात.

पुण्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे अंगठ्याचा रक्तदाब निघाला 34. तीसच्या खाली जखम भरण्याची आशा फार कमी, म्हणजे मामा काठावर होते. मूत्रपिंड सांभाळून, धमन्या एक्स-रेमध्ये दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध कमीत कमी वापरून अँजिओग्राफी केली. गुडघ्यापर्यंत धमनी स्वच्छ. त्याखाली तीन फाटे: पुढचा, जो पावलाच्या पाठीवर येतो, तो मोकळा, मागचा, जो तळव्याला रक्त देतो, तो बंद, मधला जेमतेम. पुढच्या फाट्याची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती आणि जखम मागच्या फाट्याच्या हद्दीत होती. घोट्याच्या आतल्या बाजूची दुसरी नाडी मी पहिल्या दिवशी बघितलीच नव्हती. आता न चुकता बघतो.

मागचा फाटा फुग्याने उघडला. अंगठ्याचा रक्तदाब 58 वर आला. शेजारच्या बोटाचं काळं पडलेलं टोक काढावं लागलं. पाऊल राहिलं.

साचा

नंतरचे तीन महिने जखमेवर वजन पडू न देण्याचे होते. संसर्ग आटोक्यात आल्यावर गुडघ्यापर्यंत, पायाला सगळीकडून चिकटून बसणारा प्लास्टरचा साचा घातला. चालताना पडणारं वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं, एका जागी साचत नाही. काढता येणारा बूट दिला की माणूस घरात तो काढून ठेवतो; साचा काढताच येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. दर आठवड्याला उघडून बघायचा आणि नवा घालायचा.

ही विद्या आपल्याकडे कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून आली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखणं कळत नसल्यामुळे रोजच्या वापरात झिजून, भाजून, चिरडून जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत मधुमेहाच्या पायांसाठी त्यांनी हाच साचा रुळवला. मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पलही कुष्ठरुग्णांच्या पायातूनच मधुमेहींच्या पायात आली. मामांना ती चप्पल आधी नको होती. "लोक काय म्हणतील?" मामींनी मोची गाठला, वरून काळं कातडं लावून घेतलं, आणि प्रश्न मिटला.

साखर सावकाश उतरवली. तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन टक्क्यांहून जास्त खाली आणली तर कधीकधी पायांची असह्य आग सुरू होते आणि डोळ्याचा पडदाही बिघडू शकतो. म्हणून रात्रीचं थोडं इन्सुलिन, हळूहळू वाढवत: 9.8 वरून 8.1, आठ महिन्यांनी 7.3. तंबाखू दोनदा सुटून दोनदा परत आली, तिसऱ्यांदा सुटली.

चौदाव्या आठवड्यात जखम मिटली.

"बोटं परत येतील का?" मामांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या 1441 रुग्णांमध्ये, साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात नसांचा आजार 60 टक्क्यांनी कमी झाला. मामांसारख्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, 1998 च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे त्रास 25 टक्क्यांनी घटले. पण हे आकडे त्रास टळण्याचे आहेत. मेलेली नस उठवण्याचं औषध आज माझ्याकडे नाही. बी-12 ने मुंग्या थोड्या कमी झाल्या, तुरपाईचं काम मुलाकडे गेलं, मशीनला मोटर बसली. तिचं पायडल नुसतं टेकवलं की चालतं.

बुटातला हात

मधुमेहींना देतात ती छापील पत्रिका मी मामांना दिली होती. तिच्यात लिहिलं आहे: पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवून बघा, आंघोळीचं पाणी पायावर घेण्याआधी हाताने बघा. मामा दोन्ही गोष्टी इमानाने करत होते. जखम भरल्यानंतर पाचव्या आठवड्यात तपासणीला आले तेव्हा डाव्या तळव्यावर एक गोल ठसा उमटलेला, त्यात चार छिद्रांची खूण. शर्टाचं बटण. सकाळपासून ते बुटात होतं. मामांनी हात फिरवला होता, आणि त्यांच्या बोटांना बटण लागलं नव्हतं.

ज्या हाताने पाय तपासायला आम्ही सांगतो तो हातही त्याच आजारात बधिर झालेला असतो, हे पत्रिका लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही, ती वाटणाऱ्या माझ्याही नाही. मी ती ओळ खोडून घरच्या माणसाने हात फिरवावा असं लिहून दिलं. पाणी मामींनी बघायचं, कुणी घरी नसेल तर कोपर बुडवून. त्यानंतर दुकान उघडण्याआधी मामी दोन्ही बूट उलटे करून झटकतात, आत हात घालून टाचेपासून बोटांपर्यंत चाचपतात, मग मामांना देतात.

गेल्या महिन्यात दोघं आले. दोन्ही तळवे स्वच्छ, नवा घट्टा नाही. निघताना मामींनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि दोन टाचण्या आणि एक हूक माझ्या टेबलावर ठेवला. "या खेपेला एवढंच निघालं," त्या म्हणाल्या.